काचेतली रेघ

धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात दोन भीत्या शेजारीशेजारी नांदत होत्या. आईला आणि भावजयीला पाण्याची भीती होती. वादळ, लाटा, बुडणे, रात्री कठड्यावरून तोल जाणे. टीव्हीवर समुद्र दिसला की आई चॅनेल बदलायला लावत असे. मला पाण्याची भीती कधी वाटली नाही. मी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर काम करणारा माणूस. मला वाफेची भीती वाटत असे, आणि ती मी घरात कोणाजवळ बोलू शकत नव्हतो. कारण धाकट्याला वाफेचे काम शिकवले होते ते मीच.

माझी भीती समजायची तर बॉयलरच्या काचेविषयी थोडे सांगायला हवे. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे हे बाहेरून कळावे म्हणून त्याच्या अंगाला एक उभी, जाड काच बसवलेली असते. आत पाणी जितके, तितकीच काचेत पातळी. त्या पातळीची चकचकीत आडवी कड असते, तिला आम्ही रेघ म्हणत असू. रेघ काचेच्या मध्यावर असली की माणूस निर्धास्त असतो. ती दिसेनाशी झाली की मात्र आत काय आहे ते कळत नाही, कारण काठोकाठ भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच दिसायला अगदी सारखीच असते. दोन्हींत रेघ नसते. बॉयलर भरलेला असेल तर यंत्राचे नुकसान होईल, एवढेच. पण तो रिकामा असेल तर आतल्या नळ्या लाल तापलेल्या असतात, आणि घाबरून त्यांच्यावर पाणी सोडले, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन लोखंड कागदासारखे फाटते. म्हणून या कामातली पहिली शिकवण अशी, की रेघ दिसत नसेल आणि खात्री नसेल तर पाणी सोडायचे नाही. आधी आग बंद करायची. मग वीज जावो, काम थांबो, साहेब ओरडोत.

हे मी धाकट्याला आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून शिकवले. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे मी भाऊ कमी आणि मास्तर जास्त झालो. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसाठी मी त्याला इतके प्रश्न विचारी, की आई आतून म्हणे, "अरे, त्याला जेवू तरी दे. बॉयलर काय पळून चाललाय का?" धाकटा पास झाला. आमच्याकडे भरती बंद होती. त्याने एका साखर कारखान्यात दोन हंगाम काढले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एके दिवशी मुंबईहून परत येऊन सांगितले, "दादा, मला जहाजावर घेतलं."

मुंबईच्या एजंटने त्याला एकच प्रश्न विचारला होता: वाफेवर काम केले आहे का? नवी जहाजे सगळी डिझेलची. वाफेवर चालणारी फार थोडी उरली होती, आणि ती चालवणारी माणसे निवृत्त होऊन घरी बसली होती. म्हणून समुद्र कधी न पाहिलेल्या, गोदावरीत पोहायलाही घाबरणाऱ्या माझ्या भावाला एका विदेशी पर्यटन जहाजाच्या बॉयलर रूममध्ये जागा मिळाली. मला तेव्हा अभिमान वाटला. ड्यूटीवर पेढे वाटले. एक सहकारी म्हणाला, "घ्या! भाऊ मडमा बघणार आणि तुम्ही इथं राख बघणार." मी हसलो. तो ज्या जागी काम करणार होता तिथून मडमाच काय, दिवसही दिसत नाही, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

पहिल्या सुट्टीत तो रंगीत माहितीपत्रक घेऊन आला. त्यावर जहाजाचा फोटो होता. पांढरेशुभ्र, एखाद्या लग्नाच्या मंडपासारखे दिव्यांनी सजलेले. आईने ते भिंतीवर लावले, पण देवघरासमोर नाही, बाजूच्या भिंतीवर, म्हणाली, "रोज उठून बघायला नको."

त्या जहाजाची हकिगत मला भावाकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. ते मुळात हौशी पर्यटकांसाठी बांधलेलेच नव्हते. विमाने सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती, त्या काळात ते दोन खंडांमध्ये नेमाने ये-जा करत असे. "आपल्या एस.टी.सारखं, दादा," धाकटा म्हणाला, "ठरलेल्या दिवशी सुटायचं, ठरलेल्या बंदराला लागायचं. वादळ असलं तरी. म्हणून त्याचं नाक टोकदार आहे आणि पत्रा जाड." वरच्या मजल्यांवर श्रीमंत लोक, खाली देश सोडून निघालेली कुटुंबे. खालच्या एका खोलीत, जिथे आता खलाशी झोपत, तिथे बंकच्या फळीखाली कोणा मुलाने कधीकाळी खिळ्याने घराचे चित्र कोरले होते. चित्रातल्या घराला धुराडे होते आणि दारात कुत्रा. माझा भाऊ पहिल्या कराराचे सगळे महिने त्या फळीवर झोपला.

मग विमाने आली आणि नेमाने समुद्र ओलांडणारे कोणी उरले नाही. जहाज विकले गेले. नव्या मालकाने त्याचे काळे अंग पांढरे रंगवले, वर्गावर्गांमधल्या भिंती पाडल्या, मागच्या डेकवर पोहण्याचा तलाव केला, माल ठेवण्याच्या तळघरात नाचाचा हॉल केला. नाव बदलले. पुढे आणखी एकाने घेतले, पुन्हा नाव बदलले, धुराड्याचा रंग बदलला. नाकावरची पहिल्या नावाची अक्षरे लोखंडाची, पत्र्याला जोडलेली होती. ती काढायचा खर्च कोणी केला नाही, नुसता रंग फासला. सकाळच्या तिरप्या उन्हात धक्क्यावरून पाहिले तर नव्या नावाखाली जुने नाव फुगून आलेले दिसे, असे तो सांगे.

"आणि आता जातं कुठे?" आईने विचारले.

"कुठेच नाही गं. एका बंदरातून निघतं, चार बेटं फिरतं, आठवड्याने त्याच बंदराला परत येतं."

"मग जातात कशाला?"

"खायला."

आईने पुन्हा एकदा त्या फोटोकडे पाहिले. "एवढ्या खर्चात घरी बसून नाही का जेवता येत?" ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

मी मात्र दुसरेच ऐकत होतो. वरचे गालिचे तीनदा बदलले होते. खालचे बॉयलर पहिल्या दिवसापासूनचे होते. मी एकेक विचारत गेलो: नळ्या कधी बदलल्या, पंप किती, काच कशी आहे, ती दिवसातून किती वेळा वाफेने धुऊन ब्लो करता. तो उत्तरे देत गेला आणि मी जोखीम मोजत गेलो. तपासणी नियमाने होत होती, तसे काही चुकीचे नव्हते. पण माझ्या हाताखालचा बॉयलर जमिनीवर उभा होता. त्याचा डोलत होता. लाट आली की काचेतली रेघ वरखाली होई, आणि ती हालचाल पाण्याची आहे की समुद्राची, हे त्याने नजरेने ठरवायचे होते.

फोन येई तेव्हा शेजारच्यांकडे जावे लागे. आई आधी बोले. "समुद्र शांत आहे ना रे? भात मिळतो का?" मग भावजय, दोनच शब्द, कारण शेजारीण समोर बसलेली. शेवटी रिसीव्हर माझ्याकडे येई आणि मी विचारी, "काच साफ करतोस ना?" परतताना एकदा भावजयीने विचारले, "दादा, तुम्ही दर वेळी काचेचंच काय विचारता?" मी सांगितले, "त्या कामात स्वच्छतेला महत्त्व असतं."  पण त्यानंतर माझ्या हातात रिसीव्हर आला की ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहू लागली, आणि मी तोंड भिंतीकडे करू लागलो.

आता खंडेनवमीचे सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. वीज केंद्रातही बॉयलरच्या दाराला झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. धाकट्याला लहानपणी मी ती पूजा दाखवायला नेत असे. जहाजावर निघताना दर वेळी आई त्याच्या बॅगेत कुंकवाची पुडी ठेवी आणि बजावी, "खंडेनवमी चुकवू नको. ज्याच्यावर पोट आहे त्याला विसरू नये."

तो विसरला नाही. त्याच्या तिसऱ्या का चौथ्या करारात, खंडेनवमीच्या दिवशी, भर समुद्रात, त्याने बॉयलरची पूजा करायचे ठरवले. कुंकू लावायला जागा मिळेना. बॉयलरचे सारे अंग उष्णता अडवणाऱ्या जाड वेष्टनाने झाकलेले, दाराला हात लावायची सोय नाही. कुंकू चिकटावे म्हणून त्याने ते तेलात कालवले, शिडीने वर चढला, आणि बॉयलरचे जे एकमेव उघडे, चमकणारे, सतत पाहिले जाणारे ठिकाण होते तिथे लावले. काचेवर. तेही नेमके मध्यावर, जिथे रेघ असते तिथे. दोन्ही बाजूंच्या दोन्ही काचांना, आठवणीने. मनोभावे हात जोडले आणि खाली आला.

उष्णतेने ते कुंकू भाजले. तेल ओघळून दोन दिवसांत काचभर तपकिरी थर झाला. समुद्र खवळलेला होता, जहाज डोलत होते, आणि धाकट्याने आपल्या पाळीत खालून वर पाहिले तर काचेत रेघ नाही. दुसऱ्या काचेत पाहिले, नाही. स्वतः लावलेले कुंकू त्या क्षणी त्याला आठवले नाही. त्याला मी आठवलो. ओट्यावर बसून मी सांगितलेले वाक्य आठवले, आणि त्याने आग बंद केली.

वाफेचा दाब पडला. दुसऱ्या बॉयलरवर एकदम भार आला, तोही बसला. जनित्रे थांबली. सगळे जहाज काळोखात गेले. वर नाचाचा हॉल भरलेला होता. पंखे बंद पडले, लोक किंचाळू लागले, कोणी लहान मुलांना उचलून बचावाच्या होड्यांकडे धावले. धाकटा खाली अंधारात लोखंडी जाळीवर बसून बॉयलर फुटायची वाट बघत होता. सेकंड इंजिनियर, एक म्हातारा विदेशी माणूस, टॉर्च घेऊन शिडी चढला. त्याने काचेवरून अंगठा फिरवला. रेघ होती. मध्यावर. त्याने तो तांबडा-तपकिरी अंगठा खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना दाखवला.

हे मला त्याने सुट्टीत आल्यावर सांगितले. दारणेच्या काठाने आम्ही दोघेच चालत होतो. आईला कळू द्यायचे नाही, हे त्याने आधी वदवून घेतले. तिच्या कुंकवाने जहाज अंधारात गेले हे तिने कधीच ऐकू नये, यावर आमचे एकमत होते. मग त्याने सगळे सांगितले. त्याची बोटे पँटच्या शिवणीवर चाळा करत होती. जहाजावर आता त्याला सगळे अंगठा दाखवतात, असे तो म्हणाला. जेवणाच्या रांगेत, जिन्यात, सगळीकडे. कोणी बोलत नाही, नुसता अंगठा वर करतात आणि हसतात.

तेव्हा मी काय बोललो, ते मला स्पष्ट आठवते. मी म्हणालो, "अरे, काचेवर कुंकू कोण लावतं? आणि आग बंद करायच्या आधी टेस्टचा नळ उघडून पाहायचा. पाणी आलं की कळलं असतं."

म्हणालो ते खरेच होते. पण भावाला ते ऐकायचे नव्हते. त्याने भीतीच्या क्षणी शिकवल्याप्रमाणे केले होते, सगळ्यांच्या हसण्याची किंमत देऊन केले होते, आणि त्याला माझ्या तोंडून एवढेच हवे होते की बरोबर केलेस. मी त्याला आणखी एक चूक दाखवली. तो "हो" म्हणाला आणि नदीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून माझ्या भीतीचे रूप बदलले. आधी मला वाटे, एखाद्या दिवशी रेघ नाहीशी होईल. आता वाटू लागले, रेघ नाहीशी होईल आणि माझा भाऊ लाजेल. अंगठे आठवून, माझे नदीकाठचे वाक्य आठवून तो आग बंद करणार नाही, हात पाणी सोडणाऱ्या फीडच्या व्हॉल्व्हकडे नेईल.

पुढची वर्षे गेली. घरात फोन आला, मग धाकट्याकडे मोबाइल आला. भावजयीला मुलगी झाली. जहाज आणखी एकदा विकले गेले. प्रवासी म्हातारे होत गेले, तिकिटे स्वस्त होत गेली, नाचाच्या हॉलमध्ये आता दुपारी पत्ते चालत, असे तो सांगे. नवी जहाजे बहुमजली इमारतींएवढी निघाली होती. त्यांच्या शेजारी धक्क्यावर लागले की आपले जहाज रिक्षासारखे दिसते, म्हणे. मी किती वेळा ठरवले, की या फोनवर त्याला 'बरोबर केलेस' एवढे सांगायचे. पण आई शेजारी, भावजय समोर. आणि खरे सांगायचे तर मोठ्या भावाने धाकट्याची माफी मागण्याची रीत आमच्या घरात कोणी पाडलेली नव्हती. मी पुन्हा पुन्हा काचेची चौकशी करत राहिलो.

आणि एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. जहाज शेवटचे विकले गेले होते, मोडायला. ते गुजरातच्या किनाऱ्यावर, अलंगला न्यायचे होते. मोजकी माणसे घेऊन. बॉयलर ओळखणारी माणसे उरली नव्हती, म्हणून त्याला थांबवून घेतले होते.

आईला एवढेच कळले की जहाज आपल्या बाजूला येते आहे. तिला कोण आनंद! "म्हणजे पोरगं समुद्रातून निघतं ते थेट घरी! अलंग म्हणजे सुरतेच्या अलीकडे की पलीकडे?" भावजयीने अनारशांचे पीठ भिजवायला घेतले. घर सणासारखे झाले, आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. माझा चेहरा कोणी पाहू नये म्हणून.

मला ठाऊक होते की जे जहाज मोडायचेच आहे, त्याच्या पंपाला कोणी नवे पॅकिंग घालत नाही. गळणारी नळी बदलत नाही. पोचले म्हणजे झाले, एवढाच हिशेब असतो. अलंगला जहाज धक्क्याला लागत नाही. मोठ्या भरतीच्या वेळी, अंगात असेल नसेल तेवढी सगळी वाफ लावून, पूर्ण वेगाने ते किनाऱ्यावर चढवतात, म्हणजे ओहोटीला ते चिखलात उभे राहते. आयुष्यभर थकलेल्या बॉयलरांकडून शेवटच्या तासाला सगळ्यात जास्त वाफ मागायची. आणि खाली काचेकडे बघत माझा भाऊ.

त्या दिवसांत ड्यूटीवर मी काचेसमोरून हलत नसे. सहकारी थट्टा करत, "काय बघता एवढं? दाढी वाढलीय का?" मी रेघेकडे बघत असे आणि मला ती तिथे नसण्याचीच भीती वाटत असे.

वाटेत कुठल्याशा आखाती बंदरात ते तेल भरायला थांबले तेव्हा फोन आला. आई आणि माझी बायको देवळात गेल्या होत्या, भावजय मुलीला शाळेतून आणायला. घरात मी एकटा. इतक्या वर्षांत तशी वेळ प्रथमच आली होती.

"दादा, आई कुठेय?"

"देवळात. ऐक. काच कशी आहे?"

तो हसला. "तू एकदा तरी दुसरं काही विचार. काचा धुरकट आहेत. एक तर निम्मी आंधळीच झालीय. बदलत नाहीत, म्हणतात आता कशाला."

"मग ऐक. रेघ दिसली नाही तर आग बंद कर. नळबिळ उघडत बसू नको. कोणी काही म्हणो."

"भरतीच्या वेळी आग बंद केली तर हे लोक मला समुद्रात टाकतील."

"टाकू देत. पोहत ये."

"मला पोहता कुठं येतं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, "त्या वेळी तू बरोबर केलंस. कुंकवाच्या वेळी. तुला दिसत नव्हतं, तू आग बंद केलीस. मी असतो तर मीही तेच करायला हवं होतं."



"मग तेव्हा का नाही बोललास?" तो म्हणाला.

"शहाणपणा दाखवायचा होता."

"दादा..." तो म्हणाला, आणि त्यानंतर फोन तुटला. मी बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून बसलो. भावजय मुलीला घेऊन आत आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि दप्तर हातातच धरून विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. तेल भरतायत. येतोय." ती म्हणाली, "तुम्ही भिंतीकडे तोंड करून बोलत नव्हता ना आज?" मी म्हणालो, "नाही." तिने दप्तर खाली ठेवले.

मग त्याचा आवाज बंद झाला. मोठ्या भरतीचा दिवस पंचांगातून मी काढला होता. पौर्णिमा गेली, त्यानंतरचे दिवस गेले. मोबाइल लागेना. अनारसे तळून डब्यात भरून झाले. आई दर संध्याकाळी डब्याचे झाकण उघडून बघे आणि पुन्हा लावे. ती अजूनही पाण्यालाच घाबरत होती. म्हणाली, "किनाऱ्यापाशी येऊन कोणी बुडत नाही ना रे?" मी म्हणालो, "नाही, आई." आणि ते खरे होते म्हणून मला आणखी भयंकर वाटले. बायकोने मला दोनदा विचारले, जेवत का नाही. वर्तमानपत्राची आतली पाने मी ड्यूटीवरच वाचून तिथेच टाकून येई. घरी आणायचा धीर होत नसे. 'जहाज' हा शब्द छापलेला दिसला तरी मी पान मिटून ठेवी, मग ती बातमी बंदराच्या उद्घाटनाची का असेना.

एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "दादा, पेठला अडकलोय. घाटात ट्रक आडवा झालाय, बस पुढे जात नाही." एवढेच. मी आईला काही न सांगता स्कूटर काढली. तो जिवंत आहे हे मी ऐकले होते, तरी पेठपर्यंतचा सगळा रस्ता मला वाटत राहिले की मी चुकीचे ऐकले. करंजाळीजवळ थंडीने बोटे आखडली तेव्हा लक्षात आले, मी स्वेटर घातलाच नव्हता. घाटात पडलेल्या ट्रकच्या कडेने मी स्कूटर हाताने ढकलत काढली.

पेठच्या स्टँडवर, बॅगेवर बसून तो चहा पीत होता. वाळला होता, दाढी वाढली होती. चहावाला त्याला सांगत होता, "लय येळ लागंल भाऊ, क्रेन नाशकावरनं यायची हाय." मला पाहून तो उठला. आम्ही मिठी मारणारे भाऊ नव्हे. मी त्याची बॅग उचलली. तो म्हणाला, "राहू दे, जड आहे." मी म्हणालो, "बघू." दोघेही ती बॅग धरून उभे राहिलो.

मग त्याने सांगितले. भरतीच्या वेळी वरून पूर्ण वेगाचा हुकूम आला. सगळी वाफ लावली. किनारा जवळ येत असताना डाव्या बॉयलरच्या काचेत रेघ दिसेनाशी झाली. दुसरी काच आधीच आंधळी. वरून फोनवर ओरडत होते, अजून वाफ, अजून वाफ. शेजारचा खलाशी म्हणाला, फीड सोड. धाकट्याचा हात व्हॉल्व्हवर होता. तो म्हणाला, "हात तिथेच होता, दादा. मला आठवतंय, चाक गरम होतं." मग त्याने हात काढला आणि आग बंद केली.

जहाज मंदावले, किनाऱ्याच्या पुष्कळ अलीकडे चिखलात रुतले आणि तिथेच राहिले. पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत जहाज सोडून उतरायला कोणाला परवानगी मिळेना. वीज नाही, पाणी मोजून. फोनची बॅटरी पहिल्याच दिवशी संपली. मालकाच्या माणसांनी होडीतून येऊन त्याला शिव्या दिल्या. "या खेपेला अंगठा कोणी दाखवला नाही," तो म्हणाला. "सरळ आई-बहिणीवरून."

"आणि बॉयलर?" मी विचारले. "भरलेला होता की रिकामा?"

"पाहिला नाही."

"म्हणजे?"

"कोणीच पाहिला नाही. कोणाला गरज होती? ते मोडणारच होते."

 त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तू असतास तर काय केलं असतंस?" त्याने विचारले. "खरं सांग."

इतकी वर्षे मी त्याला प्रश्न विचारत आलो होतो. कामातला हा त्याचा पहिलाच. मी उत्तर शोधले. वीज केंद्रात माझ्यासमोरची रेघ एकदाही नाहीशी झाली नव्हती. आमच्याकडे काचा चांगल्या होत्या, माणसे पुष्कळ होती, जमीन स्थिर होती. जे मी ओट्यावर बसून त्याला शिकवले ते मी फक्त ऐकलेले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझ्यावर ती वेळ कधी आलीच नाही."

तो हसू लागला. हसता हसता खोकला आला. "मग मला एवढी वर्षं कशाला छळलंस?" तो म्हणाला, आणि चहावाल्याला म्हणाला, "यांना पण द्या एक. गोड द्या."

बॅग पुढच्या फळीवर ठेवून आम्ही निघालो. तो मागे बसला. ऊन वर आले होते, घाटाच्या खाचरांत भाताची कापलेली धसकटे दिसत होती. उताराला लागलो तेव्हा त्याने माझा खांदा धरला. आधी नुसता हात ठेवला, मग बोटे रुतली.

"दादा, हळू चालव," तो कानाशी म्हणाला. "मला भीती वाटते."

"मलाही," मी म्हणालो, आणि गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली.